कर्जत–खोपोली: मुख्य मार्गाची शाखा कशी झाली

कर्जत–खोपोली मार्गावरच्या सिग्नल आणि रुळांच्या कामाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: इतक्या थोड्या प्रवाशांसाठी इतका खर्च कशाला? मुंबईत गर्दी दारात लटकणाऱ्या माणसांवरून मोजतात. त्या मापाने खोपोली लोकल रिकामीच दिसणार. पण तिथे प्रवासी थोडे का, याचं उत्तर बरंचसं त्या रुळांतच आहे, आणि ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

मुळात ही शाखा नव्हतीच, हा मुख्य मार्ग होता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि १२ मे १८५६ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पळसदरीवरून खोपोलीला येऊन थांबली. थांबली, कारण समोर बोरघाट उभा होता. घाट चढण्याआधी दम घ्यायचं ठिकाण म्हणून खोपोली तेव्हाही जुनीच होती. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ त्याची साक्ष आजही देतात. १४ जून १८५८ला वरच्या बाजूला खंडाळा–पुणे मार्ग सुरू झाला. मग जवळजवळ पाच वर्षं मुंबईचा माणूस पुण्याला असा जायचा: खोपोलीपर्यंत आगगाडी, तिथून पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने घाट आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडी.

घाटातली रेल्वे मात्र खोपोलीतून चढलीच नाही. खोपोलीच्या डोक्यावर सह्याद्री सरळ उभा आहे, आणि इंजिनाला सोसेल असा चढ हवा तर अंतर लांबवावं लागतं. म्हणून अभियंत्यांनी पळसदरीपासूनच डोंगराची कड धरली. ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र चढ, २५ बोगदे, ऐन भरात ४०,००० हून अधिक मजूर. पटकी आणि तापाने त्यातले हजारो दगावले. पहिला कंत्राटदार बाजूला झाल्यावर आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट पुढे चालवलं. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. त्या दिवसापासून पुण्याच्या गाड्या पळसदरीहून वर वळल्या आणि खोपोलीकडचा तुकडा आडबाजूला पडला.

तरी तो उखडला गेला नाही, हे आपलं नशीबच म्हणायचं. १९१५ साली टाटांचं जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली आणून केलेली ही वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. पुढे कारखाने आले, कामगारवस्ती वाढली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली ही नावं लोकलच्या नकाशावर आली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत १०० किलोमीटर, खोपोली आणखी १५. त्या १५ किलोमीटरना थेट गाड्या मोजक्याच. बाकी सगळा भार कर्जत–खोपोली फेऱ्यांवर.

आता सिग्नलकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. १९२८ साली व्हीटी ते भायखळा या टप्प्यात रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल बसले, देशातले पहिले. दोन स्थानकांमधला रूळ तुकड्यांत वाटायचा आणि पुढचा तुकडा मोकळा झाला की मागच्या गाडीला वाट द्यायची, ही ती पद्धत. मुख्य मार्गावर आज लोकलच्या मागे लोकल धावते ती तिच्याच जोरावर. खोपोलीची शाखा मात्र एकेरी आहे, जाण्यायेण्याला एकच रूळ, आणि एकेरी मार्गाचं गणित वेगळं. तिथे समोरून गाडी येण्याची भीती असते, म्हणून दोन ब्लॉक स्थानकांच्या, म्हणजे गाडीला पुढे जायची परवानगी देणाऱ्या स्थानकांच्या, मध्ये एका वेळी एकच गाडी. एकेरी मार्गांवर पूर्वी या परवानगीचा लोखंडी गोळा असायचा. यंत्रातून तो निघाला की दुसऱ्या टोकाला दुसरा गोळा निघतच नसे. कातडी पिशवीत घालून, मोठ्या कड्याला अडकवून तो ड्रायव्हरच्या हाती दिला जाई. गोळा जवळ नाही तर गाडी हलणार नाही. नंतर तेच काम विजेच्या यंत्रांकडे आलं, नियम मात्र बदलला नाही.

हिशेब करून पाहा. कर्जतहून खोपोली साधारण पंचवीस मिनिटं. जाणं, येणं आणि दोन्ही टोकांना गाडी उलटी फिरवायचा वेळ धरला की तास गेला. म्हणजे एका गाडीवर तासाला जेमतेम एक फेरी. फेऱ्या दुप्पट करायच्या तर मध्ये कुठेतरी दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायला हवं आणि त्यासाठी लूप (बाजूला थांबायचा रूळ), पॉइंट (रूळ बदलायचा सांधा), इंटरलॉकिंग (सिग्नल आणि पॉइंट एकमेकांशी बांधणारी यंत्रणा) हे सगळं हवं. नुसता नवा रेक, म्हणजे डब्यांचा संच, आणून भागत नाही. मुंबईहून येणारी लोकल दहा मिनिटं उशिरा आली आणि खोपोलीची गाडी निघून गेली, तर माणूस तासभर फलाटावर. असं दोनदा झालं की तो रिक्षा किंवा एसटी धरतो. मग प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी आणि फेऱ्या कमी म्हणून प्रवासी कमी. या शाखेचा न्याय नुसत्या तिकीटविक्रीवरून करणं म्हणूनच मला अन्यायाचं वाटतं.

त्यात घाटपायथ्याचा पाऊस. रुळात गाडी उभी आहे की नाही हे कळण्यासाठी पूर्वापार रुळांतूनच हलका वीजप्रवाह सोडतात. खडी चिखलाने भरली आणि पाणी साचलं की तो प्रवाह एका रुळातून दुसऱ्यात गळतो, गाडी नसतानाही यंत्रणा ‘आहे’ म्हणते आणि सिग्नल लाल राहतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, बिघाड झाला तर लालच दिसला पाहिजे. पण एकेरी मार्गावर तो एक लाल दिवा सगळं वेळापत्रक धरून ठेवतो. याला पर्याय असलेलं ॲक्सल काउंटर हे यंत्र रुळातून प्रवाह सोडत बसत नाही. आत गेलेली चाकं आणि बाहेर आलेली चाकं मोजतं, त्यामुळे ओल्या खडीचा त्याला तितका त्रास नाही.

रुळांचंही तेच. सांध्याशी उभं राहून पाहिलं तर दिसतं: चाक आलं की स्लीपर (रुळांखालचा आडवा ठोकळा) दबतो, चाक गेलं की उचलतो आणि खडीतून राखाडी चिखल वर येतो. अशा जागी वेगमर्यादा लागते. सांधे वेल्ड करून लांब रूळ करणं, काँक्रीटचे स्लीपर, खडी काढून चाळून पुन्हा भरणं, शेजारची गटारं उपसणं या कामांची बातमी होत नाही, पण पंचवीस मिनिटांची फेरी तीस मिनिटांवर जाते की नाही, हे त्यांच्यावरच ठरतं.

२०१६च्या डिसेंबरमध्ये एमयूटीपी-३ हा मुंबईच्या रेल्वेसाठीचा प्रकल्प मंजूर झाला. त्यात पनवेल–कर्जत हा २९.६ किलोमीटरचा दुहेरी उपनगरी मार्ग आहे, वावर्ल्याच्या २,६२५ मीटरच्या बोगद्यासह. त्या मार्गाने नवी मुंबईहून येणारा माणूसही कर्जतलाच उतरणार आणि खोपोलीची गाडी कधी आहे ते विचारणार. दोन्ही वेळापत्रकं जुळवायची तर एकेरी मार्गावर गाड्यांनी एकमेकींना ओलांडायच्या सोयीचा निर्णय आधी घ्यावा लागेल.