भंगारातलं विमान आणि बेळगावचा पावसाळा

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला बी-२४ लिबरेटर या बॉम्बफेकी विमानांचा खच पडला होता. पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून मुद्दाम नासधूस केलेली. १९४८च्या सुमारास हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कंपनीच्या लोकांनी त्यांतली बरीचशी जुजबी डागडुजी करून थेट उडवतच बेंगळूरला आणली आणि तिथं पुरती दुरुस्त केली. (ती उडवणाऱ्यांच्या छातीला सलाम!) हवाई दलानं ती १९६८पर्यंत वापरली.

मोडतोड ही तशी भरून निघणारी गोष्ट. वाकलेला पत्रा सरळ होतो, तुटलेला भाग नव्यानं घडवता येतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारागिराला हे सांगायला नको. आतून सडलेल्या धातूपुढं मात्र इलाज चालत नाही.

विमानाच्या पत्र्यात ॲल्युमिनियमबरोबर सुमारे ४ टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम असतं. १९०६च्या सुमारास आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाला दिसलं, की असं मिश्रण तापवून पाण्यात विझवलं आणि नुसतं ठेवून दिलं तर ते काही दिवसांत आपोआप कडक होतं. तांब्याचे अणू जागोजागी गोळा होतात आणि धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. म्हणूनच या जातीचे काही रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, आधीच कडक होऊ नयेत म्हणून ठोकेपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवावे लागतात.

पण बळ देणारं हेच तांबं ओल लागली की उलटतं. तांब्याचा अंश जास्त असलेले कण, शेजारचं ॲल्युमिनियम आणि मधे पाणी, एवढ्यावर इवलीशी बॅटरी तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम झिजत जातं. झीज धातूच्या कणांमधल्या फटींतून आत सरकते, पत्र्याचे पापुद्रे सुटतात. वरचा रंग मात्र कित्येकदा शाबूत! पोलादी बोल्टभोवतीही हेच घडतं.

खारं पाणी असेल तर आणखी वाईट. २०१३ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळातून महायुद्धातलं जर्मन बॉम्बफेकी विमान डॉर्नियर १७ वर काढलं, तेव्हा ते उन्हात वाळवलं नाही. त्यावर सायट्रिक आम्लाचं, म्हणजे लिंबातल्या आम्लाचं सौम्य द्रावण दीर्घकाळ फवारत ठेवलं, मुरलेले क्षार निघावेत म्हणून.

बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टीही युद्धकाळातलीच. समजा, उद्या आपल्या भागात असा एखादा सांगाडा ठेवायची वेळ आली, तर पहिला मोह ताडपत्रीत घट्ट गुंडाळायचा होईल. तो टाळावा. रात्री पत्रा गार पडला की कोंडलेली वाफ त्याच्यावरच थेंब धरते. विमानाच्या पोटाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजलेली असतात, आधी मोकळी करावीत. उंदरांचा बंदोबस्त करावा, कारण त्यांचं मूत पत्रा खातं. बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजूला तर मुसळधार पावसाळ्यात नुसतं छप्पर पुरायचं नाही. बंद खोली आणि हवेतली ओल शोषणारं यंत्र हवं, आर्द्रता ५० टक्क्यांखाली राहील असं.

कारवारला समुद्रकाठी नौदलाचं निवृत्त टेहळणी विमान टीयू-१४२ ठेवलं आहे, तमिळनाडूतल्या अरक्कोणमहून सुटे भाग करून आणलेलं. खाऱ्या वाऱ्यात त्याची निगा राखणं हे कायमचं काम. बघायला गेलात तर रिव्हेटांच्या ओळी न्याहाळा: रंगाला फुगवटे किंवा पांढरी भुकटी दिसली, तर तिथं आत झीज सुरू झाली असं समजा.