ई-मेल फसवणूक आणि ओळखचोरी (मराठवाडा)

बँक, शासकीय कार्यालय, महाविद्यालय किंवा ओळखीचा व्यापारी यांचे सोंग घेऊन ई-मेल पाठवणे व त्याद्वारे पैसे, पासवर्ड अथवा कागदपत्रे उकळणे म्हणजे ई-मेल फसवणूक. अशा रीतीने हाती आलेले आधार, पॅन किंवा पासवर्ड मूळ व्यक्तीच्या नावाने वापरणे म्हणजे ओळखचोरी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम ६६सी खाली ओळखचोरीस, तर ६६डी खाली संगणकाच्या साहाय्याने केलेल्या तोतयेगिरीस ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात या प्रश्नाचे मूळ ई-मेलच्या मालकीतच आहे. अनेकांचा पहिला ई-मेल पत्ता त्यांनी स्वतः उघडलेला नसतो. पीक विमा, शिष्यवृत्ती किंवा पॅनचा अर्ज भरताना ई-मेलचा रकाना येतो, तेव्हा सेवा केंद्राचा चालक तिथल्या तिथे पत्ता काढतो, पासवर्ड म्हणून अर्जदाराचे नाव आणि १२३ टाकतो आणि फार तर पावतीच्या पाठीवर लिहून देतो. चालक प्रामाणिक असला तरी असा पासवर्ड कोणालाही ओळखता येतो. शिवाय इतर अनेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याची लिंक याच पत्त्यावर येत असल्याने हे एक खाते गेले की बाकीची उघडी पडतात. म्हणून खाते आपल्या हाती घेणे, त्याला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडणे, लांब व वेगळा पासवर्ड ठेवणे आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज मोबाइलवरून दुसरी खात्री मागणारी सोय) सुरू करणे हे पहिले संरक्षण होय. खात्यात कोणी शिरल्याचा संशय आल्यास केवळ पासवर्ड बदलून भागत नाही. आलेली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय चोराने करून ठेवली आहे का, हेही सेटिंगमध्ये पाहावे लागते.

बनावट पत्र ओळखताना पाठवणाऱ्याच्या नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा, कारण नाव कोणालाही हवे ते लावता येते. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढील दोन तिरक्या रेघा सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा भाग उजवीकडून वाचावा: केंद्र वा राज्य शासनाची स्थळे सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतात. मधेच कुठे ‘पीएमकिसान’ असे शब्द दिसले म्हणून ते स्थळ शासनाचे ठरत नाही. भारतीय बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन, म्हणजे पत्त्याचा शेवटचा भाग, नेमले असून त्यावर स्थलांतर करण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती.

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजक किंवा जालन्यातील लोखंड व बियाणे व्यापारी यांच्यापुढचा धोका निराळा आहे. त्यांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवून ऐन बिलाच्या वेळी ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र येऊ शकते. इंग्रजी आर आणि एन ही लहान अक्षरे शेजारी आली की एमसारखी दिसतात. एवढ्या एका फरकाचा पत्ता घाईत कोणाच्याही नजरेतून सुटतो. अशा वेळी पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर जुन्या वहीतल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर लगेच कळवणे आवश्यक असते, कारण रक्कम ज्या खात्यात अजून पडून असेल तेथेच ती रोखता येते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची वा बँकेची नसून तिऱ्हाइताची असेल आणि ३ कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असल्यास मात्र कळवण्यापूर्वीचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. ऊसतोडीसाठी कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेल्या बीडच्या कामगाराला गावी परतण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्ह्याची माहिती हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते.

ओळखचोरी कागदावरूनही होते. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत टोपलीत टाकून येण्याची आपली सवय चोराच्या पथ्यावर पडते. आधारचे शेवटचे ४ अंकच दाखवणारी प्रत आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून मिळते, आणि बोटांच्या ठशांवर पैसे काढणे रोखण्यासाठी बायोमेट्रिक लॉक तेथेच करता येते. साधी प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवे ‘फक्त सिमकार्डासाठी’ असे लिहून तारीख टाकावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे ‘संचार साथी’ या शासकीय पोर्टलवर पाहता येते.