मोटारसायकलची मागील राइड हाइट

मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा ॲक्सल आणि त्याच्या बरोबर वर शेपटाकडच्या भागावर केलेली खूण यांमधील उभ्या अंतराला मागील राइड हाइट म्हणतात. हे अंतर वाढले की सगळा सांगाडा किंचित पुढे झुकतो. त्यामुळे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारी नळ्यांची जोडी, अधिक उभा होतो, रेक कोन (स्टीअरिंगच्या अक्षाचा उभ्या रेषेशी होणारा कोन) आणि ट्रेल (तो अक्ष जमिनीला मिळतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचे अंतर) घटतात, पुढच्या चाकावर थोडा जास्त भार येतो आणि गाडी वळणात चटकन शिरते. दोन चाकांत सुमारे १४०० मिमी अंतर असलेल्या गाडीची मागची बाजू ॲक्सलपाशी २५ मिमी उचलली, तर रेक साधारण १ अंशाने बदलतो आणि ट्रेल सुमारे ६ मिमीने कमी होते. म्हणूनच एका वेळी दोन-तीन मिमीपेक्षा मोठा बदल करणे शहाणपणाचे नाही.

राइड हाइट आणि स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे भार येण्याआधीच स्प्रिंगला दिलेला दाब, यांची गल्लत फार होते. प्रीलोड वाढवल्यानेही स्वार बसल्यावर मागची बाजू उंच राहते, पण त्यात सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन जेवढे दबते ते अंतर, खर्ची पडते आणि खड्ड्यात उतरणाऱ्या चाकाला खाली जायला पुरेशी जागा उरत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी स्वारासह ३० ते ४० मिमी सॅग सर्वसाधारणपणे योग्य मानली जाते. आधी ती बसवावी आणि मगच उंचीला हात घालावा.

उंची बदलण्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरच्या टोकाशी असलेला लांबीचा ॲडजस्टर, त्याच्या वरच्या माउंटखाली घातलेले वॉशर किंवा वेगळ्या लांबीच्या लिंक, म्हणजे शॉकला चाकाच्या बाजूशी जोडणारे छोटे दांडे, वापरतात. १९९४ च्या डुकाटी ९१६ मध्ये यासाठी लांबी बदलता येणारा दांडाच दिलेला होता. शॉकपेक्षा चाक जास्त अंतर हलत असल्यामुळे, गुणोत्तर २:१ असेल तर शॉकची लांबी ५ मिमी वाढवल्यावर चाकापाशी सुमारे १० मिमीचा फरक पडतो. लिंक बदलताना हे गुणोत्तरही बदलू शकते, म्हणून शॉकला स्वतःचा ॲडजस्टर असेल तर तोच मार्ग अधिक चांगला.

फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवून पुढची बाजू खाली घेतली, तरी रेक जवळपास तसाच बदलतो. मग मागची बाजूच का उचलायची, हा प्रश्न रास्त आहे. पुढची बाजू उतरवल्याने गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणात जमिनीपासून मिळणारी मोकळीक घटते. मागची बाजू उचलल्याने या दोन्ही गोष्टी उलट होतात आणि शिवाय स्विंगआर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या व सांगाड्याला सांध्याने जोडलेल्या भुजेचा, उतार वाढतो. ॲक्सिलरेटर पिळताच भार मागे सरकून गाडी मागे बसू पाहते. चेनचा ताण आणि चाकाचा रेटा स्विंगआर्मच्या या उतारामुळे तिला थोपवतात. उतार अपुरा असेल तर वळणातून बाहेर पडताना पुढचे चाक हलके होऊन गाडी बाहेरच्या कडेकडे जाते. तो अति झाला तर प्रवेगाच्या वेळी सस्पेन्शन ताठरते आणि मागच्या टायरची पकड सुटू शकते. उंची प्रमाणाबाहेर वाढल्याची आणखी दोन लक्षणे म्हणजे वेगात हँडल थरथरणे आणि जोरात ब्रेक लावल्यावर मागचे चाक हलके पडणे.

मोजमाप मागचे चाक पूर्ण लटकते ठेवून घ्यावे लागते. स्विंगआर्मखाली लावायचा स्टँड येथे चालत नाही, कारण त्याने सस्पेन्शन दबलेलेच राहते. गाडी सांगाड्याला आधार देऊन उचलावी. ॲडजस्टरवर कमाल लांबीची खूण असल्यास तिच्या पलीकडे आटे उघडे पडू देऊ नयेत आणि लॉकनट पुन्हा आवळावा. स्विंगआर्मचा कोन बदलला की दोन स्प्रॉकेटमधील अंतर बदलते, म्हणून चेनची ढिलाई नव्याने तपासावी. साइड स्टँड आखूड पडून गाडी जास्त कलत नाही ना, हेही पाहावे.

टायर बदलल्यानेही मागची बाजू नकळत वर-खाली होते, जरी ॲक्सलपासून मोजलेले अंतर तेच राहते: १८०/५५ ऐवजी १८०/६० मापाचा (मिमीमध्ये रुंदी / रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची) टायर बसवला, तर कागदोपत्री बाजूची उंची ९ मिमीने वाढते.