एक्स वाढले, पण दिसलं काय?

प्रिन्सेस स्ट्रीटच्या आसपास सूक्ष्मदर्शक घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती एक्सचा आहे?" म्हणजे किती पट मोठं दाखवतो? समोरून "दोन हजार" ऐकलं की गडी खूश. ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे स्लाइडजवळच्या भिंगावर, ४० एक्सच्या शेजारी कोरलेला ०.६५ कोणी वाचतच नाही. खरी गोम मात्र तिथेच आहे.

विशालन, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, सगळ्यांना काढता येतं. डोळ्याजवळचा १० चा आयपीस, ४० चं ऑब्जेक्टिव्ह, गुणाकार ४००. झालं.

घोळ होतो तो विभेदनात. अगदी जवळजवळचे दोन ठिपके दोन दिसतात की एकच डाग दिसतो, हे विभेदनावर ठरतं. ते ०.६५ म्हणजे न्यूमरिकल अपर्चर, अर्थात भिंग किती रुंद कोनातून आलेला प्रकाश गोळा करतं त्याचं माप. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मर्यादा सांगून ठेवली आहे: प्रकाशाच्या तरंगलांबीला या आकड्याच्या दुपटीने भागा. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर धरला, तर ०.६५ ला उत्तर येतं सुमारे ०.४२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). त्याहून जवळ असलेले ठिपके एकमेकांत मिसळणारच.

आता त्याच ४० वर २५ चा आयपीस बसवा. विशालन १०००, विभेदन तेच ०.४२. दादर स्टेशनचा इंडिकेटर लांबून फोनवर टिपायचा आणि मग फोटो बोटांनी ताणत बसायचं, तसला हा प्रकार. उलट १०० चं ऑइल ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइड आणि भिंगामध्ये तेलाचा थेंब घालून वापरायचं, ते १० च्या आयपीससोबत वापरा. विशालन पुन्हा १०००च, पण अपर्चर १.२५, म्हणजे विभेदन ०.२२ मायक्रॉन. हवेत अपर्चर १ च्या पुढे जाऊच शकत नाही. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) काचेइतका, साधारण १.५१५, म्हणून ते जमतं. पावसाळ्यात मुंबईच्या लॅबमध्ये मलेरियाच्या स्लाइड तेल घालून बघतात ते उगाच नाही: तांबडी पेशीच जेमतेम ७ मायक्रॉनची, त्यातली परजीवीची नाजूक रिंग ओळखायची असते.

ढोबळ हिशोब असा: उपयोगी विशालन अपर्चरच्या ५०० ते १००० पट. १.२५ ला कमाल १२५०. म्हणजे ते "दोन हजार" नुसतं फुगवलेलं.

माझं डोकं फिरतं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. डोळ्यांवर उजेड आला की लोक कंडेन्सरचा, म्हणजे स्लाइडखालच्या भिंगाचा, डायफ्रॅम (प्रकाशाची झडप) आवळतात. कडा काळ्या, ठसठशीत होतात आणि "सर, आता शार्प दिसतंय!" अहो, तो कॉन्ट्रास्ट आहे; झडप आवळून प्रकाशाचा कोन अरुंद केलात, म्हणजे विभेदन तुम्ही आत्ताच घालवलंत. उजेडासाठी दिव्याचा नॉब आहे. आयपीस काढून नळीत डोकवा आणि प्रकाशाचं वर्तुळ ७० ते ८० टक्के उघडं ठेवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की पुन्हा तेच करायचं.

तेलाच्या स्लाइडवर ४० चं कोरडं (तेलाविना वापरायचं) ऑब्जेक्टिव्ह फिरवणाऱ्यांना तर भिंग पुसायलाच बसवावं, तेही लेन्स पेपरने. रुमालाने नाही.