आन्सरमधली शपथ

इंग्रजीतल्या 'आन्सर' या शब्दात एक डब्ल्यू आहे. तो कुणी उच्चारत नाही, पण लिहायला विसरलं तर शाळेत मार्क जातात. हा डब्ल्यू कुणा पंतोजीनं उगाच घुसवलेला नाही. एके काळी तो चांगला खणखणीत ऐकू येत असे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधली माणसं या शब्दाचा उच्चार 'अँडस्वारू' असा काहीसा करत आणि सगळा जोर शब्दाच्या पहिल्या भागावर देत. बोलताना जोर नसलेला भाग झिजत जातो, ही इंग्रजीची जुनी खोड. त्यामुळे आधी मधला ड गेला, शेवटचा स्वर गेला आणि मग व गेला. ग्रिनिच आणि नॉरिच या गावांच्या स्पेलिंगमधला डब्ल्यूही असाच मुका झालेला आहे. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला, त्यानंतर हळूहळू स्पेलिंगं गोठत गेली आणि जिभेवरून उतरलेली अक्षरं कागदावर तशीच राहिली. मुलांना त्यांचा जाच होतो खरा, पण भाषेच्या अभ्यासकाला तीच अक्षरं कामाला येतात.

कारण त्या डब्ल्यूमुळेच 'आन्सर'चं 'स्वेअर'शी, म्हणजे शपथ घेण्याशी असलेलं नातं डोळ्यांना दिसतं. 'अँडस्वारू'तला 'अँड' म्हणजे 'समोर, विरुद्ध' आणि 'स्वारू' हा शपथ घेण्याच्या क्रियापदाचा भाऊबंद. दोन्ही जोडले की अर्थ होतो, समोरच्याच्या बोलण्याविरुद्ध घेतलेली शपथ. कोशांमध्ये या शब्दाची कुळकथा साधारण अशीच सांगितलेली असते: मुळात हे आरोपाचं शपथेवर केलेलं खंडन होतं.

शपथेला इतकं महत्त्व का, हे समजायला त्या काळचा न्याय कसा चाले ते बघावं लागतं. साक्षीपुरावे तपासून निकाल देण्याची पद्धत तेव्हा फारशी नव्हती. आरोप झाला की आरोपीनं चारचौघांत शपथ घ्यायची. त्या शपथांचे ठरलेले मसुदे आजही उपलब्ध आहेत. आरोपी म्हणायचा, "त्या प्रभूची शपथ, अमक्यानं माझ्यावर ठेवलेल्या आरोपात मी कृतीनंही निर्दोष आहे आणि सल्ल्यानंही." म्हणजे मी ते केलं नाही आणि कुणाला करायलाही सांगितलं नाही. एवढ्यानं भागत नसे. त्याच्या बाजूनं आणखी माणसं उभी राहत आणि एकेक जण म्हणे, "त्या प्रभूची शपथ, अमक्यानं घेतलेली शपथ शुद्ध आहे, खोटी नाही." ही माणसं घटनेची साक्षीदार नसत. चोरी झाली तेव्हा आरोपी कुठे होता, हे त्यांना कुणी विचारतही नसे. हा माणूस खोटी शपथ घेणारा नाही, एवढीच हमी ती देत.

गुन्हा जितका गंभीर, तितकी शपथ वजनदार लागे. वेसेक्स या इंग्लंडमधल्या जुन्या राज्याचा राजा इने यानं सातव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या कायद्यात याचा हिशेबच मांडला आहे. सात माणसांपर्यंत असतील तर ते चोर, सात ते पस्तीस असतील तर टोळी आणि त्याहून जास्त असतील तर फौज. टोळीत सामील असल्याचा आरोप असेल, तर 120 'हाइड' मोलाची शपथ हवी. हाइड हे जमिनीचं माप, साधारण एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन. शपथेची किंमत जमिनीत मोजायची म्हणजे भूमिहीनाच्या शब्दाला काय भाव होता, ते सांगायला नको.

ही पद्धत मध्ययुगाबरोबर संपली असेल असं वाटतं, पण इंग्लंडच्या कायद्यात तिचा अवशेष 1833 पर्यंत टिकून होता. काही प्रकारच्या कर्जाच्या दाव्यांत प्रतिवादी स्वतः शपथ घेऊन आणि अकरा जणांकडून ती खरी असल्याचं वदवून मोकळा होऊ शकत असे. 1824 मध्ये एका प्रतिवादीनं हा हक्क खरोखरच मागितला. नेमकी किती माणसं आणायची, हे त्यानं न्यायालयालाच विचारलं आणि न्यायालयानं सांगायला नकार दिला. त्यानं अकरा जण आणायची तयारी केल्यावर वादीनंच दावा सोडून दिला. वाफेची इंजिनं धावू लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. नऊ वर्षांनी संसदेनं ही तरतूद रद्द केली.

मात्र 'आन्सर म्हणजे उलट शपथ' ही कथा ऐकायला जितकी नेटकी वाटते, तितकी ती नाही. जुन्या इंग्रजीतलं 'बेओवुल्फ' हे दीर्घकाव्य पाहा. परक्या किनाऱ्यावर हत्यारबंद माणसं उतरतात, पहारेकरी त्यांना अडवतो आणि 'कोण तुम्ही, कुठून आलात' म्हणून विचारतो. त्यावर त्यांचा म्होरक्या 'अँडस्वारोदे', म्हणजे उत्तर देतो. पुढच्याच ओळीत कवी म्हणतो की त्यानं आपल्या शब्दांच्या खजिन्याचं कुलूप उघडलं. इथे शपथ नाही, न्यायालय नाही. दरडावून विचारलेला प्रश्न आहे आणि त्याला दिलेलं उत्तर आहे. म्हणजे या शब्दाचा साधा 'उत्तर' हा अर्थ तेव्हाच पक्का रुळलेला होता. शिवाय 'स्वेअर'चं मूळ आणखी मागे नेलं तर शपथ मागे पडते आणि 'बोलणं' एवढंच हाती लागतं. काही अभ्यासक याच मुळाशी संस्कृत 'स्वर' जोडतात. त्यामुळे 'अँडस्वारू' घडला तेव्हा लोकांच्या मनात शपथ होती की नुसतं समोरून बोलणं, हे छातीठोकपणे सांगू नये. मला स्वतःला शपथेची बाजू पटते, कारण इंग्रजी, जर्मन, स्वीडिश ज्या कुळातल्या, त्या जर्मानिक भाषांत हे क्रियापद शपथेसाठीच पक्कं झालेलं दिसतं.

गंमत अशी की इंग्रजीनं उत्तरासाठी लॅटिनकडून घेतलेला दुसरा शब्द, 'रिस्पॉन्ड', तोही वचनातूनच आलेला आहे. त्यातला 'स्पोंदेरे' म्हणजे विधिपूर्वक वचन देणं. गायस हा दुसऱ्या शतकातला रोमन कायदेपंडित. करार कसा व्हायचा, ते त्यानं लिहून ठेवलं आहे. एकानं विचारायचं, "दारी स्पोंदेस?", देण्याचं वचन देतोस? दुसऱ्यानं त्याच क्रियापदात म्हणायचं, "स्पोंदेओ", देतो. झाला करार. हे खास क्रियापद वापरायचा अधिकार फक्त रोमन नागरिकांना होता. परक्यांनी दुसरे शब्द वापरायचे. गायसचा हा ग्रंथ जवळजवळ हरवलाच होता. 1816 मध्ये निबूर या इतिहासकाराला तो व्हेरोनाच्या ग्रंथालयात सापडला, तोही चामड्याच्या अशा पानांवर, जिथला मजकूर खरवडून वर सेंट जेरोमची पत्रं लिहिली होती.

या 'स्पोंदेरे'चा ग्रीक भाईबंद 'स्पेंदो', म्हणजे देवाला मद्य ओतून अर्पण करणं. त्यावरूनच ग्रीकांनी तहाला 'स्पोंदाय' म्हटलं. आपल्याकडे दानाचा संकल्प करताना हातावरून पाणी सोडतात, तशीच ही रीत: ओतलेलं परत घेता येत नाही. आणि तुर्कस्तानातल्या बोआझकॉय इथे सापडलेल्या, हित्ती या प्राचीन भाषेतल्या मातीच्या विटांवर 'शिपांत' हे क्रियापद येतं. त्याचाही अर्थ अर्पण म्हणून ओतणं.

'आन्सर'ची वाटसुद्धा याच विटांपाशी जाते, आणि ही हकिकत जास्त रंजक आहे. 'अँड' या उपसर्गाची भावंडं पुष्कळ आहेत: ग्रीक 'आंती' म्हणजे विरुद्ध, लॅटिन 'आंते' म्हणजे आधी, समोर, संस्कृत 'अन्ति' म्हणजे जवळ, समोर. इंग्रजी 'एंड' आणि आपला 'अंत' हेही याच घरातले. हे सगळे शब्द स्वरानं सुरू होतात. पण 1879 सालच्या एका ग्रंथात फर्दिनां द सोस्यूर या अवघ्या एकवीस वर्षांच्या तरुणानं एक धाडसी तर्क मांडला होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांतल्या स्वरांचे बदल नुसते शेजारी मांडून त्यानं दाखवलं की या भाषा ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यात काही असे ध्वनी असले पाहिजेत, जे पुढे सगळीकडून नाहीसे झाले, पण जाताना शेजारच्या स्वरांवर खुणा ठेवून गेले. असा ध्वनी कुठल्याही ज्ञात भाषेत कुणी ऐकला नव्हता. बऱ्याच जणांनी तर्काकडे दुर्लक्ष केलं.

बोआझकॉयला 1906 पासून उत्खनन सुरू झालं. 1915 मध्ये चेक अभ्यासक बेद्रिच ह्रोझनीनं दाखवून दिलं की त्या विटांवरची हित्ती भाषा संस्कृत-ग्रीकच्याच कुळातली आहे. आणि 1927 मध्ये पोलंडच्या येझी कुरिलोविचच्या लक्षात आलं की सोस्यूरनं जिथे हरवलेला ध्वनी असेल म्हटलं होतं, तिथे हित्तीत बऱ्याचदा घशातून येणारा 'ख'सारखा ध्वनी लिहिलेला आहे. सोस्यूर हे पाहायला नव्हता. तो 1913 मध्येच वारला होता. 'अन्ति', 'आंती', 'आंते' यांचा हित्ती नातेवाईक आहे 'खांत', म्हणजे कपाळ. इतर भाषांनी गमावलेला पहिला ध्वनी तिथे शाबूत आहे. समोर, विरुद्ध, आधी या सगळ्या अर्थांच्या मुळाशी माणसाचं कपाळ असावं, हेही त्यावरून कळतं.

आता पुन्हा उत्तराकडे. 'आन्सरेबल' आणि 'रिस्पॉन्सिबल' या दोन्ही शब्दांत उत्तर देणारा माणूस जबाबदार ठरतो. जर्मनमध्ये 'आंटव्होर्ट' म्हणजे उत्तर आणि 'फेरआंटव्होर्टुंग' म्हणजे जबाबदारी. स्वीडिश 'आन्सवार' तर 'आन्सर'चा सख्खा भाऊ, पण आज त्याचा अर्थ फक्त जबाबदारी. उत्तराला तिथे नुसतं 'स्वार' म्हणतात. या सगळ्यामागे शपथ असावी असं वाटतं खरं, पण जर्मन शब्दात शपथ नाही, तिथे 'व्होर्ट' म्हणजे साधा शब्द आहे. आणि आपल्या 'जबाबदारी'तही नाही. 'जबाब' अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच्या अरबी धातूचा अर्थ कापणं, आरपार जाणं. शपथेशी त्याचा काही संबंध नाही, तरी त्याला फारसी 'दार' लागला आणि तोच अर्थ निघाला. तेव्हा उत्तरातून जबाबदारी निघते ती मूळ धातूमुळे नसावी. कुणीतरी हक्कानं विचारणारा समोर असतो आणि गप्प बसून चालत नाही, या प्रसंगातून ती निघत असावी. मराठीत परीक्षेतल्या प्रश्नाला, पत्राला, कोड्याला आपण 'उत्तर' देतो. 'जबाब' मात्र नोंदवला जातो तो पोलीस ठाण्यात.