हार्डांगर फिडल आणि अपलेशियन फिडल

फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजणारं व्हायोलिन. नुसतं रेकॉर्डिंग ऐकताना नॉर्वेचं हार्डांगर फिडल आणि अमेरिकेच्या अपलेशियन डोंगरांतलं फिडल यांत गल्लत होते, आणि ती होणं साहजिक आहे. दोन्हीकडे गज दोन तारांवर एकदम फिरतो, दोन्हीकडे धुनेखाली एक स्वर घुमत राहतो. पण तो घुमतो कुठून?

हार्डांगरला चार मुख्य तारांखाली बहुधा चार-पाच तरफा असतात. आपल्या सारंगीसारख्याच, गज न लागता झणकारणाऱ्या. तारा जिच्यावर टेकतात ती घोडीही साध्या व्हायोलिनपेक्षा सपाट, त्यामुळे शेजारची तार आपसूक सोबत येते. अपलेशियन फिडल हे मात्र साधं व्हायोलिनच. तिथं घुमारा येतो तो तारा वेगळ्या लावून आणि मोकळी तार सोबत वाजवून.

हे तारा लावणंच मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. नॉर्वे-स्वीडनमध्ये तारा लावण्याची ‘ट्रोल’ नावाची एक पद्धत आहे : ए-ई-ए-सी शार्प. आपल्या भाषेत खालून वर सा-प-सा-ग. अमेरिकन फिडलवादकही काही धुनांसाठी नेमकी हीच स्वरांची नाती लावतात! म्हणून केवळ स्वरांवरून ओळख पटवायला गेलं, तर चांगला कानही फसतो.

खरा फरक लयीत आहे. नॉर्वेच्या ‘स्प्रिंगार’ नाचात तीन मात्रा असतात, पण त्या सारख्या लांबीच्या नसतात. टेलेमार्क भागात पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. वाल्ड्रेस खोऱ्यात आखूड, लांब, मध्यम. हा हिशेब वादक पायाने जमिनीवर ठोकत सांभाळतो, आणि परंपरेने तो एकटाच वाजवतो. अपलेशियन नाचाच्या धुना बहुतेक दोनाच्या सरळ चालीत, गजाच्या ठेक्यावर धावणाऱ्या. सोबतीला बँजो, जो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी अमेरिकेत रुजवला.

त्यामुळे हे वादक एकत्र बसतात तेव्हा सूर पटकन जुळतात, कसोटी लागते ती लयीची. सोबतच्या गिटारने तीन मात्रा सारख्या मोजल्या की स्प्रिंगारचा साधा वॉल्ट्झ होतो आणि माझ्या मते धुनेचा जीवच जातो. स्वीडनचे आले म्योलर, स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरचे अॅली बेन आणि अमेरिकेचे ब्रूस मोल्स्की या तिघांचं एकत्र वादन म्हणूनच मन लावून ऐकण्यासारखं आहे. तिघंही आपापल्या परंपरेत मुरलेले.

एक सावधगिरी : रेकॉर्डिंग अमेरिकेतलं आहे म्हणून फिडल अपलेशियन असेलच असं नाही. नॉर्वेतून गेलेल्या लोकांनी हार्डांगर मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे सोबत नेलं आणि ते तिथं आजही वाजतं. गज थांबल्यावर मागे तरफांची झणकार रेंगाळते का, ते ऐका. तीही नीट कळली नाही, तर वादकाच्या पायाचे ठोके मोजा.