'नोटा'ला सर्वाधिक मते पडली तर निवडणूक रद्द होते का?

निवडणुका आल्या की एक संदेश हमखास फिरू लागतो. 'नोटा'ची, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाची, मते विजयाच्या फरकाहून जास्त झाली तर निवडणूक रद्द होते आणि त्या उमेदवारांना पुन्हा उभे राहता येत नाही, असे त्यात म्हटलेले असते. 'नोटा' येण्याआधी हाच दावा नियम '४९-ओ'च्या नावाने केला जाई. तेव्हाही तो खोटाच होता. मत न देण्याचा निर्णय केंद्रावरच्या नोंदवहीत नोंदवून सही करायची, एवढीच त्या नियमाची धाव. त्यात गुप्तता राहत नसे, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये यंत्रावर 'नोटा'चे बटण द्यायला सांगितले.

लोकसभा-विधानसभेचा निकाल मात्र जुन्याच नियमाने लागतो: उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक वैध मते, तो विजयी. निम्म्याहून जास्त मतांची अटही नाही. समजा, १ लाखापैकी ९० हजार मते 'नोटा'ला गेली आणि उरलेली दोन उमेदवारांत ६ व ४ हजार अशी विभागली, तर ६ हजारवाला आमदार होतो. विचित्र वाटेल, पण नियम तसाच आहे. अनामत रकमेसाठी लागणारी एक षष्ठांश मते मोजतानाही 'नोटा' वगळतात.

२०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' २७,५०० मते घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. निकालावर परिणाम शून्य.

महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांची गोष्ट वेगळी. तिथे 'नोटा' पहिला आल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये काढला. संदेश लिहिणारे नेमके हेच सांगत नाहीत.